जिंकलेल्या पैशाचा मालक

शाबान महिन्यातील एका रात्रीची गोष्ट. इशाची नमाज होऊन गेली होती आणि मशिदीत चार-पाच जणच उरले होते. वुजूखान्याच्या टाकीसाठी वर्गणी गोळा होत असल्याचे त्या शुक्रवारी मी जाहीर केले होते. एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. त्याने खिशातून एक पाकीट काढले आणि माझ्यासमोर ठेवले. त्यात अकरा हजार रुपये होते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाकडे एकरकमी इतके पैसे कसे, असा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर उमटला असावा. त्याने मान खाली घालून सांगितले, "मौलाना, ऑनलाइन पोकरमध्ये जिंकलेत. घरी न्यायला मन धजत नाही. म्हटलं, अल्लाहच्या घराला द्यावेत. चालतील ना?"

त्याला "चालणार नाहीत" असे एका वाक्यात सांगून परत पाठवणे सोपे होते. पण त्याच्या प्रश्नात एक जिवंत अस्वस्थता होती. मी त्याला बसवून घेतले आणि सगळे विचारले. त्या रात्री त्याने जे मुद्दे मांडले, ते आज अनेक तरुणांच्या मनात आहेत. त्यांच्याकडे घाईने पाठ फिरवण्यापेक्षा एकेक मुद्दा नीट तपासावा, म्हणून हा लेख.

खेळ आणि त्याचे दार

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोकरचा सर्वांत प्रचलित प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. पत्ते नेहमीचेच, बावन्न. प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते झाकून मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते उघडले जातात, आधी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक. आपले दोन आणि टेबलावरचे पाच अशा सातांतून ज्याचा पाच पत्त्यांचा संच सर्वांत भारी, तो डाव जिंकतो. मात्र पत्ते उघडण्याच्या प्रत्येक टप्प्यावर पैसे लावावे लागतात. समोरच्याने रक्कम वाढवली तर तेवढी भरावी, आणखी वाढवावी किंवा डाव सोडून द्यावा. हाती काही नसतानाही मोठी रक्कम लावून समोरच्याला हूल देता येते आणि घाबरवून डाव जिंकता येतो. या हूल देण्यालाच या खेळात मोठे कौशल्य समजतात.

आमच्या या तरुणाची सुरुवात पैशांनी झालीच नव्हती. मित्राने पाठवलेल्या दुव्यावरून त्याने अ‍ॅप उतरवून घेतले. त्यावर फुकटच्या चिप्स मिळाल्या. महिनाभर तो लुटुपुटीचा खेळ खेळत राहिला. हरला तर जायचे काही नव्हते, जिंकला तर आकडा वाढत होता. आपल्याला खेळ जमतो, असा विश्वास त्याला वाटू लागला. मग त्याने खात्यात पाचशे रुपये भरले. पहिल्या आठवड्यात त्यांतले तीनशे गेले. त्याने व्हिडिओ पाहून डावपेच शिकून घेतले, कोणते पत्ते टाकून द्यावेत आणि कोणते धरावेत हे पाठ केले. तीन महिन्यांनी खात्यात साडेअकरा हजार होते. आपले पाचशे त्याने बाजूला ठेवले आणि उरलेले पाकिटात घालून तो माझ्याकडे आला.

त्याचे तीन युक्तिवाद

तो हुशार होता. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, पोकर हा नशिबाचा नव्हे, बुद्धीचा खेळ आहे; म्हणून तो जुगार नाही. दुसरी, टेबलावर बसलेला प्रत्येक जण स्वतःच्या मर्जीने बसलेला असतो. कुणावर जबरदस्ती नाही. तिसरी गोष्ट सांगताना त्याचा आवाज थोडा चढला. "मौलाना, आमच्या अब्बांची चार एकर शेती आहे. दरवर्षी ते सोयाबीन पेरतात आणि आभाळाकडे बघत बसतात. कधी पाऊस नाही, कधी भाव नाही. ते स्वतःच म्हणतात, शेती म्हणजे जुगार. मग माझाच जुगार वाईट कसा?"

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो मनाला भिडणारा आहे आणि आपल्या भागात घराघरांत ऐकू येतो.

शेतकरी धोका पत्करतो यात शंका नाही. परंतु धोका म्हणजे जुगार नव्हे. पाऊस पडला नाही तर शेतकरी बुडतो, पण त्याच्या बुडण्यामुळे कुणाची पेटी भरत नाही. पीक चांगले आले तर त्याचे घर भरते, पण त्यासाठी शेजाऱ्याचे शेत जळावे लागत नाही. मातीत टाकलेल्या एका दाण्यातून अनेक दाणे उगवतात. जे काल जगात नव्हते ते आज आलेले असते. उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, अशी शिकवण देणारी प्रेषितांची (स.) हदीस आपल्याला ठाऊक आहे. शेतकऱ्याचा धोका त्याच जातीचा आहे. कष्ट त्याचे आणि फळ अल्लाहच्या हाती.

आता पोकरच्या टेबलाचा हिशेब पाहा. समजा, सहा जण प्रत्येकी एक हजार रुपये घेऊन बसले. टेबलावर सहा हजार आले. रात्रभर खेळूनही त्या सहा हजारांचे सहा हजार एक होत नाहीत. तिथे काही उगवतच नाही. उलट ते कमीच होतात, कारण खेळवणारी कंपनी प्रत्येक मोठ्या डावातून आपला वाटा कापून घेते. त्याला रेक म्हणतात. समजा, तीनशे रुपयांच्या डावामागे पाच टक्के, म्हणजे पंधरा रुपये कापले गेले आणि असे चाळीस डाव झाले. सहाशे रुपये कंपनीच्या खिशात गेले आणि सहा जणांत मिळून पाच हजार चारशे उरले. कोण जिंकला, कोण हरला हे नंतरचे. टेबल म्हणून ते सहाही जण हरलेलेच असतात. त्या टेबलावर एखाद्याच्या हाती आलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कुणाच्या हातून गेलेला असतो.

प्राचीन अरबांचा उंट

दिव्य कुरआनने ज्या जुगाराला 'मैसिर' म्हटले आहे, त्याचे अज्ञानकाळातील स्वरूप भाष्यकारांनी वर्णिले आहे. थंडी-टंचाईच्या दिवसांत अरब लोक एक उंट कापत आणि त्याच्या मांसाचे वाटे करीत. मग एका पिशवीतून बाण काढले जात. एकूण दहा बाण असत. सातांना एक ते सात असे हिस्से ठरलेले आणि तीन कोरे. कोरे बाण ज्यांच्या वाट्याला येत त्यांना काही मिळत नसे आणि उंटाची किंमत हरणाऱ्यांना भरावी लागे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की जिंकणारे ते मांस बहुधा स्वतः खात नसत. ते गोरगरिबांना वाटून टाकत आणि त्याचा अभिमान मिरवीत. जो या खेळात उतरत नसे त्याला कंजूष समजले जाई.

म्हणजे जिंकलेले धन पुण्यकार्याला देण्याची कल्पना आमच्या या तरुणाला प्रथम सुचलेली नाही. सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत अल्लाहने मद्य आणि जुगार यांत लोकांसाठी काही लाभ असल्याचे नाकारलेले नाही. मात्र त्यांतील पाप लाभाहून मोठे असल्याचे स्पष्ट केले आहे. भुकेल्याच्या पोटात गेलेले ते मांस हाच तो लाभ होता, असे अनेक भाष्यकार सांगतात. पुढे सूरह माइदाच्या ९० व्या आणि ९१ व्या आयतींत या गोष्टींना सैतानाची घाणेरडी कृत्ये ठरवून त्यांपासून पूर्णतः दूर राहण्याची आज्ञा झाली. गरिबाचे पोट भरत असतानाही जी गोष्ट हराम ठरली, ती मशिदीची टाकी बांधली जाते म्हणून हलाल कशी होईल?

बुद्धीचा खेळ

आता कौशल्याचा मुद्दा. आपल्या देशातील न्यायालयांत हा वाद दीर्घकाळ चालला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. पुढे त्याच आधारावर पोकरचीही बाजू मांडली गेली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने हा भेदच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळवले जाणारे ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरवले. शिक्षेची तरतूद खेळवणाऱ्यांसाठी आहे, खेळणाऱ्यांसाठी नाही.

शरीअतचा विचार मुळातच या भेदावर उभा नाही. स्पर्धेला इस्लामचा विरोध नाही. घोडे, उंट आणि तिरंदाजी यांच्या स्पर्धांतील बक्षिसाला हदीसमध्ये मान्यता आहे. मात्र तिथेही फकीहांनी अट घातली की दोन्ही स्पर्धकांनी पैसे लावून हरणाऱ्याचे जिंकणाऱ्याने घ्यावे, असे होऊ नये. बक्षीस एकाच बाजूने असावे किंवा तिसऱ्याने द्यावे. घोडेस्वाराच्या कौशल्याबद्दल कुणाला शंका होती? तरीही ही अट घातली गेली. कारण प्रश्न कौशल्याचा नसून हरणाऱ्याच्या खिशाचा आहे.

तरीही क्षणभर त्या तरुणाचे म्हणणे मान्य करू. पोकर नशिबाचा खेळ असेल तर तो सरळसरळ मैसिर आहे, प्रश्न संपला. तो बुद्धीचा खेळ असेल तर? मग जिंकणारा कोणाकडून जिंकतो? ज्याला खेळ कमी समजतो त्याच्याकडून. एक्क्यांची जोडी हाती येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा असते, हे जाणकाराला पाठ असते. नवशिक्याला कुतूहल आवरत नाही. तो बरे-वाईट सगळेच पत्ते धरून बसतो आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे भरत राहतो. पोकरच्या बोलीत अशा खेळाडूला 'फिश' म्हणतात, म्हणजे मासा. मुरलेले खेळाडू ज्या टेबलावर मासे अधिक असतील ते टेबल शोधतात. या एका शब्दात त्या खेळाचे सारे अर्थशास्त्र आले.

प्रेषितांच्या (स.) काळात मदीनेच्या बाजारात एक प्रथा होती. खेड्यांतून माल घेऊन येणाऱ्या काफिल्यांना काही चतुर व्यापारी गावाबाहेरच गाठत. आलेल्याला बाजारभाव ठाऊक नसे. हे लोक त्याचा माल स्वस्तात घेत आणि बाजारात महाग विकत. यात जबरदस्ती नव्हती, सौदा राजीखुशीने होई आणि व्यापाऱ्याचे कौशल्यही होते. तरीही प्रेषितांनी (स.) त्याला मनाई केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. दुसऱ्याचे अज्ञान ही आपली कमाई होऊ नये, हा त्यामागचा न्याय आहे. विक्रेत्याच्या हाती निदान थोडे पैसे तरी पडत होते. पोकरच्या टेबलावरून उठणाऱ्या माशाच्या हाती काहीच पडत नाही.

म्हणून 'मी अजून शिकतो आहे' असे म्हणणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे की तुमच्यासमोर दोनच वाटा आहेत. नवशिके राहाल तर तुम्ही दुसऱ्याचे भक्ष्य व्हाल. तरबेज व्हाल तर तुमच्यासारख्याच एखाद्या नवशिक्यावर जगाल. आईवडिलांना काळजी असते ती पहिल्या वाटेची, मुलगा हरेल, कर्ज काढेल. मला दुसऱ्या वाटेची भीती अधिक वाटते. हरलेला माणूस एक दिवस थकून थांबेल. जिंकणाऱ्याला थांबण्याचे कारणच उरत नाही.

२००३ साली अमेरिकेत क्रिस मनीमेकर नावाच्या एका हिशेबनिसाने शंभर डॉलरांहून कमी रकमेच्या ऑनलाइन खेळातून पात्रता मिळवली आणि पोकरची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकून पंचवीस लाख डॉलर मिळवले. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ जण होते. पुढच्याच वर्षी २,५७६ झाले. सर्वांना एकाचा चेहरा दिसला. उरलेल्या ८३८ जणांपैकी बहुतेक रिकाम्या हाताने परतले होते, त्यांचे चेहरे कुणाला आठवत नाहीत.

मर्जी आणि चेहरा

आता राहिला मर्जीचा मुद्दा. सूरह निसाच्या २९ व्या आयतीत परस्परांचे धन अन्यायाने खाण्यास मनाई आहे आणि परस्परसंमतीच्या व्यापाराला परवानगी आहे. संमती ही व्यापाराची अट आहे. ती व्यापाराची जागा घेऊ शकत नाही. व्याज देणाराही मर्जीनेच सही करतो, लाच देणाराही हसतमुखाने देतो. आणि जुगारातली संमती तरी कसली? पैसे लावताना प्रत्येकाची संमती स्वतःच्या जिंकण्याला असते. हरण्याला मनापासून संमती देऊन टेबलावर कोण बसतो?

सूरह माइदाने जुगाराचे दोन परिणाम सांगितले आहेत. माणसामाणसांत वैर आणि द्वेष, आणि अल्लाहच्या स्मरणात व नमाजमध्ये अडथळा. दुसऱ्या परिणामाची कबुली त्या तरुणाने स्वतःहून दिली. तीन महिन्यांत त्याची फजर किती वेळा चुकली याचा त्याच्याजवळ हिशेब नव्हता. पहिल्याबाबत मात्र तो म्हणाला, "वैर कुणाशी होणार मौलाना? पडद्यावर कुणी कुणाला ओळखतही नाही."

त्याचे हे वाक्य मला सर्वांत भयंकर वाटले. जुन्या काळी चावडीमागे पत्ते कुटणाऱ्याला समोरच्याचा उतरलेला चेहरा दिसत असे. त्याची बायको दुसऱ्या दिवशी दारात येऊन शिव्याशाप देई. त्या लाजेने का होईना, एखाद्याचा हात आखडत असे. मोबाइलच्या पडद्याने तो चेहरा पुसून टाकला. उरले एक टोपणनाव आणि एक आकडा. वैर करायलाही समोरचा माणूस आहे हे मान्य करावे लागते. इथे तेवढेही उरत नाही.

मी त्याला विचारले, "हे अकरा हजार कुणाकुणाचे होते, सांगू शकतोस?"

तो गप्प राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "एक जण होता. रात्री दोन वाजता सगळे पैसे लावून हरला. लगेच पुन्हा दोनशे भरून आला. ते गेले. मग शंभर भरून आला. मी ते पण घेतले. नंतर तो आला नाही." आणि थोड्या वेळाने, "माझ्यासारखाच कुणीतरी असेल."

हक्कदार कुठे शोधावा?

इस्लाममध्ये अल्लाहच्या हक्कात झालेली चूक तौबेने माफ होऊ शकते. माणसाच्या हक्काचे तसे नाही. तिथे हक्क परत करावा लागतो किंवा हक्कदाराने माफ करावे लागते. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार प्रेषितांनी (स.) सहाबांना विचारले की दिवाळखोर कोण. मग सांगितले की खरा दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण कुणाला शिवी दिलेली असेल, कुणाचे धन खाल्लेले असेल. त्याची पुण्ये हक्कदारांना वाटली जातील आणि ती संपली की त्यांची पापे त्याच्या माथी येतील. ऑनलाइन जुगारात जिंकणाऱ्याने हक्कदारांची अशी रांग उभी केलेली असते, ज्यातील एकाचाही पत्ता त्याच्याजवळ नाही. परत द्यायचे म्हटले तरी द्यायचे कुणाला?

अशा धनाविषयी फकीहांचा नियम स्पष्ट आहे. मालक माहीत असेल तर त्याला परत करावे. तो सापडणे शक्य नसेल तर ती रक्कम, पुण्याची अपेक्षा न ठेवता, गरजूला देऊन आपल्या मालकीतून काढून टाकावी. तो सदका नव्हे, ओझे उतरवणे आहे. मशिदीला ते देता येत नाही, कारण अल्लाह पवित्र आहे आणि पवित्र तेच स्वीकारतो.

या संदर्भात मी त्याला काबागृहाची हकीकत सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) पस्तीस वर्षांचे होते, नुबुव्वत अजून मिळायची होती. कुरैशांनी काबागृह नव्याने बांधायला घेतले. मूर्तिपूजा करणाऱ्या, व्याज खाणाऱ्या त्या लोकांनीही ठरवले की या कामात व्याजाचा, व्यभिचाराचा किंवा कुणावर अन्याय करून मिळवलेला पैसा घालायचा नाही. परिणाम असा झाला की शुद्ध पैसा कमी पडला. एका बाजूचा भाग त्यांना बांधकामाबाहेर ठेवावा लागला. तोच हतीम. हज-उमरा करून आलेल्या प्रत्येकाने तो अर्धगोल कठडा पाहिला आहे. अशुद्ध पैशाने पूर्ण करण्यापेक्षा त्यांनी अल्लाहचे घर अपुरे राहू दिले. आमच्या टाकीला थोडा उशीर झाला, तर काय बिघडणार होते?

नवशिक्यांसाठी दोन शब्द

जो तरुण अजून फुकटच्या चिप्सवरच खेळतो आहे, त्याला मी जुगारी म्हणणार नाही. पैसा लागलेला नाही तोवर फिकहच्या व्याख्येतील जुगार पुरा होत नाही. पण त्या चिप्स फुकट कोण देतो आणि का, याचा विचार त्याने करावा. गळाला लावलेले खाद्यही माशाला फुकटच मिळते. सहीह बुखारीत असे आले आहे की कुणी आपल्या सोबत्याला नुसते 'चल, जुगार खेळू' असे म्हटले तरी त्याने सदका द्यावा. नुसत्या निमंत्रणाचे जर असे प्रायश्चित्त आहे, तर महिनोन्महिने केलेल्या तयारीचे काय?

कायद्याने दार लावले आहे ही समाधानाची गोष्ट आहे. पण प्रत्येक दाराला फट असते, आणि फटीतून डोकावणाऱ्याला आतून अडवणारा ईमानच लागतो. ज्यांनी आजवर काही जिंकले आहे त्यांनी अ‍ॅप काढून टाकून हिशेब मांडावा, स्वतःची मूळ रक्कम वेगळी करावी आणि उरलेले गरजूंकडे पोहोचवावे. ज्यांनी हरले आहे त्यांनी ते परत मिळवण्यासाठी पुन्हा बसू नये. गेलेला पैसा परत येईल तो कुणाच्या तरी घरातूनच येईल.

तो तरुण त्या रात्री पाकीट घेऊन परत गेला. चार दिवसांनी आला तेव्हा त्याने एवढेच सांगितले की पैसे एका विधवेच्या घरी, नाव न सांगता पोहोचवले. मग पन्नास रुपयांची एक नोट काढून म्हणाला, "ही दुकानातल्या पगारातली आहे. टाकीसाठी." मी पावती फाडली. त्या वर्षीच्या वर्गणीतील ती सर्वांत लहान पावती होती. त्या रात्री दोन वाजता शंभर रुपये हरलेल्या त्या अनोळखी माणसासाठी तो अजूनही दुआ करतो, असे त्याने मला अलीकडेच सांगितले. त्याला माफ करण्याचा अधिकार त्याच माणसाजवळ आहे, आणि तो कुठे आहे हे अल्लाहलाच ठाऊक.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजीवर समाधान देवो आणि आपल्या हातून ज्यांचा हक्क गेला त्यांची आठवण आपल्याला जिवंतपणीच देवो. आमीन.